तो चार्जर, ती बॅटरी आणि ते मशीन



शुक्रवारी दुपारी आमच्या घरी एक काम ठरलेले असते. 2022 च्या जानेवारीपासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी शाळा लवकर सुटू लागली. मुले जेवून उठली की आम्ही अश्दोदला आत्यांना फोन लावतो. शब्बाथचे दिवे लावायला दोन्हीकडे अजून वेळ असतो. आत्यांचे वय 81. त्या 1968 साली मुंबईहून इस्राएलला गेल्या. हिब्रू त्यांना व्यवहारापुरते येते, इंग्रजी ‘थँक्यू’पाशी संपते, आणि मनातले बोलायचे असेल तर मराठीच लागते.

हा फोन आम्हाला किती मोलाचा आहे, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. आम्ही आलो तेव्हा 972 ने सुरू होणारा क्रमांक इथून लागतच नसे. आत्यांशी बोलायचे तर सुट्टीत मुंबईला गेल्यावर. 16 ऑगस्ट 2020 रोजी दोन्ही देशांमधले टेलिफोन सुरू झाले. त्या आठवड्यात आम्ही आत्यांना जबल अलीच्या घरातून पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मुंबईला कधी आलात?”

तर मध्यंतरी एका शुक्रवारी फोन लागायला उशीर झाला. आमची नऊ वर्षांची लेक आत्यांना म्हणाली, “आत्याआजी, माझी मोबाइल मेली होती, म्हणून उशीर झाला.”

आम्ही दोघेही खो खो हसलो. तिकडे आत्यांच्या मागे बसलेले मुलगे-सुनाही हसले. चूक लिंगाची होती, पण हसू त्यामुळे आले नव्हते. ‘मोबाइल मेली’ हे ऐकताना जुन्या वाड्यातली एखादी आजी पदर खोचून “मेली कुठली!” असे ओरडते आहे, असे वाटले. लेकीला यातले काही कळले नाही. तिला एवढेच दिसले की, आपण मराठीत बोललो आणि सगळे हसले.

पुढच्या शुक्रवारी ती आत्यांशी इंग्रजीत बोलली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शुक्रवारी आत्यांनी विचारले, “पोरीला झालंय काय? माझ्यावर रुसली का?” तेव्हा आमचे हसू मावळले. सोळा ऑगस्टला जो फोन सुरू झाला होता, तो आमच्याच हसण्याने अर्धा बंद पडला होता.

मग आम्ही ठरवले की, पोरीने ही चूक का केली हे आधी समजून घ्यायचे. त्या निमित्ताने घरातल्या प्रत्येक यंत्राची जात तपासली. त्यात जे हाती लागले, ते आपल्या वाचकांसाठी लिहीत आहोत, कारण ही अडचण जबल अलीइतकीच अश्दोद, लोद, दिमोना आणि ठाण्यातही आहे.

एका घरात पाच भाषा

जबल अली म्हणजे दुबईच्या दक्षिणेकडचा बंदराचा भाग. इथले बंदर 1979 मध्ये सुरू झाले आणि 1985 मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र निघाले. तिथल्या गोदामांत जगभरचा माल उतरतो आणि जगभरची माणसे काम करतात. आमच्या मुलांच्या कानावर घरी मराठी पडते, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी आणि सक्तीची अरबी, आणि रविवारी संगणकासमोर बसून हिब्रू.

या पाचांपैकी इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही. हिंदी, अरबी आणि हिब्रूत दोन आहेत. तीन फक्त मराठीत. आता भिंतीवरचे एकच घड्याळ घ्या. हिंदीत ती ‘घडी’ म्हणून स्त्रीलिंगी, हिब्रूत तो ‘शाओन’ म्हणून पुल्लिंगी आणि मराठीत ते घड्याळ नपुंसकलिंगी. अरबीत ‘सा’आ’ म्हणजे पुन्हा स्त्रीलिंगी. घड्याळ एकच, काटे तेच, पण खोलीत येणारा पाहुणा बदलला की त्याचे लिंग बदलते. मुलाने चूक केली याचे नवल नाही. चूक न करता मूल बोलते, याचेच नवल वाटायला हवे.

कुठे कुठे मात्र सगळ्यांचे छान जमते. मोटारगाडी मराठीत ती, हिब्रूत ‘मेखोनीत’ ती आणि अरबीत ‘सय्यारा’ तीही ती. म्हणजे गाडीच्या बाबतीत अब्राहाम अवीनूंच्या दोन्ही मुलांच्या वंशजांचे एकमत आहे आणि आपणही त्यात सामील आहोत. फ्रीजवर मात्र पुन्हा मतभेद. मराठीत तो फ्रीज, हिब्रूत तो ‘मेकारेर’, आणि अरबीत ती ‘थल्लाजा’.

मराठी आणि हिब्रू एवढ्याच दोन भाषा शेजारी ठेवल्या तरी गंमत होते. ट्रेन, लिफ्ट आणि बॅटरी दोन्हीकडे स्त्रीलिंगी: ‘राकेवेत’, ‘माअलीत’, ‘सोलेला’. फोन, एसी आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे पुल्लिंगी. पण बस मराठीत येते आणि हिब्रूत ‘ओतोबुस’ येतो. टीव्ही मराठीत तो, हिब्रूत ‘तेलेवीझ्या’ ती. पासवर्ड मराठीत तो विसरला जातो, हिब्रूत ‘सिस्मा’ ती विसरली जाते. विसरणारे दोन्हीकडे आम्हीच.

यंत्राचे बारसे कसे होते

इंग्रजी शब्द मराठीत येतो तेव्हा लिंग घेऊन येत नाही. दारातून आत आल्यावर त्याला ते द्यावे लागते. हे काम कोणी समिती करत नाही. बोलणारी माणसे न ठरवता ठरवतात. आम्ही घरातल्या साठ-सत्तर वस्तूंची यादी केली, तेव्हा तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट शब्दाच्या शेवटाची. शेवटी ‘ई’ आली की मराठी कानाला बाई ऐकू येते, म्हणून ती बॅटरी. शेवटी ‘आ’ आला की पुरुष, म्हणून तो कॅमेरा. ‘अर’ने संपणारी यंत्रेही बहुतेक पुरुष: चार्जर, प्रिंटर, स्कॅनर, कॉम्प्युटर. स्वयंपाकघरात जाऊन पाहा. कुकर तो, मिक्सर तो, टोस्टर तो, फ्रीज तो, ओव्हन तो, गॅसही तोच. म्हणजे स्वयंपाकघरात राबणारे सगळे पुल्लिंगी! हे वाक्य आमच्यापैकी एकाने मोठ्या अभिमानाने उच्चारले. त्यावर दुसऱ्याने त्याच्या हातात विळी दिली.

दुसरी वाट अर्थाची, आणि ती पहिलीपेक्षा बळकट आहे. नवा शब्द ज्या जुन्या शब्दाच्या जागी बसतो, त्याचे लिंग उचलतो. बस, कार, ट्रेन, मेट्रो या सगळ्या गाड्या, म्हणून सगळ्या ‘ती’. स्कूटर ‘अर’ने संपते, तरी ती गाडी आहे म्हणून स्त्रीलिंगी. रिक्षा ‘आ’ने संपते, तरी तीही स्त्रीलिंगी. आमच्या जबल अलीपर्यंत येणारी दुबई मेट्रोची रेड लाइन 9 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झाली. तिला चालक नाही, सगळे आपोआप. त्यामुळे चालवणारा की चालवणारी हा प्रश्न मिटला. पण गाडी आली की आम्ही म्हणतो, “मेट्रो आली.” तिच्यात बायका-मुलांसाठी वेगळा भाग असतो, आणि त्यात चुकून चढलेल्या पुरुषाला दंड होतो. तिथे मात्र लिंगाची चूक हसण्यावारी जात नाही.

या वाटेचा सर्वात चांगला पुरावा ‘लाइट’ हा शब्द आहे. मुंबईत आपण म्हणतो, “लाइट गेली.” इथे लाइट म्हणजे वीज, म्हणून ती. पण “हॉलमधला लाइट लाव” म्हणतो, तेव्हा लाइट म्हणजे दिवा, म्हणून तो. शब्द एकच, पण कोणाच्या जागी बसला आहे त्याप्रमाणे लिंग बदलले. जबल अलीला समुद्राचे पाणी गोडे करणारे आणि वीज निर्माण करणारे प्रचंड केंद्र आहे. इथे लाइट सहसा जात नाही. त्यामुळे आमच्या मुलांना ‘तो लाइट’ माहीत आहे, ‘ती लाइट’ सुट्टीत मुंबईला गेल्यावर भेटली. लेकीने तेव्हाच विचारले होते, “कोण गेली?”

ईमेलचेही असेच. आमच्या ओळखीत काहीजण म्हणतात ‘ईमेल आला’, काही ‘ईमेल आली’, काही ‘ईमेल आले’. पूर्वी आम्हाला वाटे, यातले दोघे चुकतात. आता वाटते, प्रत्येकाच्या मनात वेगळा पूर्वज आहे. ‘निरोप’ मनात असेल तर तो, ‘चिठ्ठी’ असेल तर ती आणि ‘पत्र’ असेल तर ते.

तिसरी वाट आकाराची. मराठीत एकाच वस्तूची मोठी आणि लहान रूपे असली तर मोठे बहुधा पुल्लिंगी आणि लहान स्त्रीलिंगी असते. सुरा आणि सुरी, डबा आणि डबी, विळा आणि विळी, गाडा आणि गाडी, दोर आणि दोरी. बंदरातल्या अजस्र कंटेनरला आम्ही घरी ‘डबा’च म्हणतो. त्याला कोणी डबी म्हणणार नाही. पण तो डबा खेळण्यासारखा उचलणारी क्रेन मात्र ‘ती’! तेव्हा आकाराचा नियम बंदरावर चालत नाही, हे मान्य करायला हवे.

आणि अपवाद तर प्रत्येक वाटेवर उभे आहेत. टीव्ही आणि एसी ‘ई’ने संपतात, तरी ते पुरुष. सीडीही तशीच संपते, पण ती बाई. का? बहुतेक तबकडीमुळे. ‘मशीन’ला कोणी ते म्हणतो, कोणी ती. ‘स्क्रीन’ फुटला की फुटली यावर आमच्या घरात अजून निकाल लागलेला नाही. तो फुटलाय किंवा ती फुटलीये, एवढे खरे.

पोरीचे उत्तर

एवढी यादी झाल्यावर आम्ही लेकीला जवळ बसवले आणि विचारले, “मोबाइलला तू ‘ती’ का म्हणालीस?”

ती म्हणाली, “लहान आहे ना. हातात मावते. डबी, वाटी, सुरी, पळी, सगळ्या हातात मावतात.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा आमच्या यादीतला तिसरा नियम होता. आम्हाला तो शोधायला दोन आठवडे लागले होते. तिला तो कोणी शिकवला नव्हता. वाट्या-पळ्या हाताळता हाताळता तिने तो स्वतः उचलला होता. तिला एवढेच माहीत नव्हते की, मोबाइल आधीच ‘फोन’च्या वाटेने गेला आणि पुल्लिंगी होऊन बसला. म्हणजे तिला मराठी येत नव्हते म्हणून ती चुकली नव्हती. ती मराठीतच विचार करत होती, म्हणून चुकली होती. आणि नेमक्या त्याच वाक्याला आम्ही हसलो होतो.

‘ते’ म्हणजे कोण?

आमचा मोठा मुलगा बार मित्झ्वाची तयारी करतो. हिब्रूच्या तासाला त्याने विचारले, “नपुंसकलिंगाला हिब्रूत काय म्हणतात?” शिकवणाऱ्या बाई तेल अवीवच्या. त्यांना प्रश्नच कळेना. हिब्रूत प्रत्येक वस्तू एक तर तो, नाही तर ती. मधले कोणी नाही.

मुलाने मग आम्हाला विचारले, “मग आपल्यात ‘ते’ कशाला?” शाळेच्या व्याकरणातले उत्तर त्याला पटले नसते. म्हणून आम्ही म्हटले, “मूल, लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू. जे अजून मोठे झाले नाही, ज्याला आपण उचलून घेतो, ते ‘ते’.” हे सगळ्या नपुंसकलिंगी शब्दांना लागू नाही, हे खरे. घर, झाड, जहाज हीसुद्धा ‘ते’च आहेत. पण नपुंसकलिंग म्हणजे कमीपणा नव्हे, हे त्याला कळले. आता घरात नवे यंत्र आले आणि त्याचे लिंग ठाऊक नसले की मुले सांगतात, “मोठं होईपर्यंत ‘ते’ म्हणूया.” नवे ॲप आले, ते ‘ते’च राहिले.

मराठी आणि हिब्रू व्याकरण असे शेजारी ठेवून पाहणे आपल्या समाजाला नवे नाही. 1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. आपल्या लोकांनी व्याकरण तेवढे घेतले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण त्यानंतर चार वर्षांनी, 1836 मध्ये आले. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकर (1834–1905) यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली आणि दोन्ही भाषा एकाच पानावर नांदू लागल्या.

थकलेले काका कोण?

वस्तूंचे झाले. आता बोलणाऱ्याचे. सकाळी उठल्यावर पुरुष ‘मोदे आनी’ म्हणतो आणि स्त्री ‘मोदा आनी’. दिवसाच्या पहिल्या शब्दातच आपण कोण आहोत ते हिब्रूत सांगावे लागते. मराठी इथे हिब्रूची सख्खी बहीण शोभते. ‘मी आभार मानतो’ किंवा ‘मी आभार मानते’. भूतकाळात तर मराठी पुढे जाते. हिब्रूत ‘हालाख्ती’ स्त्री-पुरुष दोघेही म्हणतात, मराठीत मात्र ‘गेलो’ किंवा ‘गेले’ सांगावेच लागते.

यंत्राला हे जड जाते. आत्यांच्या बोटांना आता मोबाइलवर मराठी लिहिणे जमत नाही. त्यांच्या नातवाने फोनमध्ये अशी सोय केली आहे की, त्या हिब्रूत बोलतात आणि त्याचे अक्षर होते. आमच्याकडे तो निरोप आला की भाषांतराचे ॲप त्याचे मराठी करते. एका संध्याकाळी आत्या बोलल्या, “आनी आयेफा,” म्हणजे मी थकले आहे. आमच्या फोनवर आले: “मी थकलो आहे.” लेकीने वाचून विचारले, “आत्याआजीकडे कोण काका आलेत?”

हे का होते? भाषांतराची यंत्रे पुष्कळदा दोन लहान भाषांमध्ये थेट जात नाहीत, मध्ये इंग्रजीचा मुक्काम करतात. ‘आयेफा’मध्ये आत्या होत्या. इंग्रजीत ‘आय ॲम टायर्ड’ झाले, तिथे आत्या उतरल्या. कारण त्या वाक्यात स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही. मग मराठीत चढताना यंत्राला कोणीतरी निवडावेच लागले. त्याने शिकताना जेवढी वाक्ये वाचली होती, त्यांत पुरुषांची अधिक असावीत, म्हणून त्याने पुरुष निवडला. गूगलने डिसेंबर 2018 मध्ये काही भाषांत अशा ठिकाणी स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही भाषांतरे दाखवायला सुरुवात केली. आमच्या फोनवरच्या आत्या मात्र अजून अधूनमधून काका होतात.

मराठीत यावर एक जुना घरगुती उपाय आहे आणि तो आम्हाला या खटाटोपात पहिल्यांदा नीट दिसला. मान दिला की लिंग नाहीसे होते. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावे लागते, पण ‘तुम्ही आलात’ म्हटले की आत्याही त्यात बसतात आणि काकाही. हिब्रूत एका माणसाला मान देणारे असे ‘तुम्ही’ बोलण्यात नाही. तिथे ‘आता’ किंवा ‘आत’ निवडावेच लागते. म्हणून टेलिफोनवरचे यंत्र वळसा घालते आणि ‘ना लेहाकीश’ म्हणते, म्हणजे ‘कृपया दाबणे’. दाबणारा कोण, दाबणारी कोण, याची चौकशीच नाही. मराठी यंत्राला वळशाची गरज नाही. त्याने फक्त अदबीने बोलावे.

आत्यांच्या लिरा

तिसऱ्या शुक्रवारनंतर आम्ही आत्यांना सगळे खरे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरीला फोन दे. आणि तुम्ही दोघं बाहेर जा.”

आम्ही दाराआड उभे राहून ऐकले. आत्या तिला आपली गोष्ट सांगत होत्या. 1968 साली त्या कारखान्यात कामाला लागल्या, तेव्हा हिब्रूतले आकडे त्यांना काही केल्या जमत नसत. हिब्रूत आकड्यालाही लिंग असते, आणि तेही उलटे. शेवटी ‘आ’ आला की शब्द बहुधा स्त्रीलिंगी, असे हिब्रूत आपण शिकतो. पण आकड्यात तीच ‘आ’ पुरुषांना लागते. ‘शालोश’ बायका, ‘श्लोशा’ पुरुष. मराठीत तीन म्हणजे तीन, मग बायका असोत की बटाटे.

त्या काळी नाणे होते लिरा, आणि लिरा स्त्रीलिंगी. आत्यांनी जिवाचा आटापिटा करून ‘शालोश लिरोत, खामेश लिरोत, एसेर लिरोत’ पाठ केले. दुकानात कोणी हसले की दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या दुकानात जात. बारा वर्षांनी कुठे जीभ वळली. आणि फेब्रुवारी 1980 मध्ये सरकारने लिरा बंद करून शेकेल आणला. शेकेल पुल्लिंगी! आता ‘श्लोशा शकालीम, खमिशा शकालीम, असारा शकालीम’.

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?” लेकीने विचारले. मराठीत विचारले.

“पुन्हा पहिल्यापासून,” आत्या म्हणाल्या. “पण मी नाही बदलले. मी आजही बाजारात ‘खामेश शेकेल’ म्हणते. आणि तुला गंमत सांगू? तिथं जन्मलेली पोरंसुद्धा तसंच म्हणतात. आता मला कोण हसणार?”

मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तुझी मोबाइल आता बरी आहे ना?”

“बरी नाही, बरा,” लेक म्हणाली. “आत्याआजी, मोबाइल तो असतो.”

“असू दे,” आत्या म्हणाल्या. “माझी मेली रोज मरते.”

दाराआड आम्ही पुन्हा हसलो, पण या वेळी तोंडावर हात ठेवून.

हसावे कसे

तेव्हापासून शुक्रवारच्या फोनमध्ये एक खेळ चालतो. आत्या एक वस्तू सांगतात, मुले मराठीत आणि हिब्रूत तिचे लिंग सांगतात. चुकले तर आत्यांना गुण. आत्या चुकल्या तर मुलांना. आत्या मुद्दाम चुकतात असा आम्हाला संशय आहे, पण ‘सिस्मा’ला त्या ‘तो’ म्हणाल्या, तेव्हा त्या खरेच चुकल्या होत्या.

आम्ही व्याकरणाचे जाणकार नाही. पण या प्रकरणातून दोन गोष्टी शिकलो, त्या ज्यांच्या घरात मुले किंवा नातवंडे मोडके मराठी बोलतात, त्यांना सांगाव्याशा वाटतात.

एक, मुलाने चुकीचे लिंग वापरले तर वाक्य मध्येच तोडू नये. उत्तर देताना बरोबर रूप आपण वापरावे. ते म्हणाले “माझी मोबाइल मेली,” तर आपण म्हणावे, “अरेरे, बंद पडला का? चार्जर कुठे ठेवलास?” एवढ्याने पुरते. ते ऐकते आणि आपणहून उचलते. जसा लेकीने आकाराचा नियम उचलला, तसाच अपवादही उचलेल.

दोन, हसायचे असेल तर आधी आपल्या चुकीवर हसावे. ज्यांनी मुंबईहून किंवा कोकणातून जाऊन उल्पानमध्ये नवी भाषा जिभेवर घेतली, त्या प्रत्येकाकडे एक तरी लिरा-शेकेलची गोष्ट असेल. ती मुलांना सांगा. मुलाला कळते की, चुकत चुकतच भाषा येते आणि चुकणारा माणूसही आपल्यातलाच असतो. आपल्या समाजात आता मराठी बोलणारी मुले मोजकीच राहिली आहेत. त्यातले एक जरी आपल्या हसण्याने गप्प झाले, तर ते नुकसान कोणत्याही लिंगात भरून निघणारे नाही.

वाचकांनी आपापल्या घरातली यंत्रे तपासून पाहावीत, आणि ‘स्क्रीन’चा निकाल लागला तर आम्हाला जरूर कळवावे. आमचे पत्र, ईमेल किंवा निरोप, जे कोणी येईल, त्याची आम्ही वाट पाहतो.

आणि हा लेख आम्हा दोघांपैकी कोणी लिहिला, असे आत्यांनी विचारले आहे. मराठीत ‘आम्ही हसलो’ हे बायकोही म्हणते आणि नवराही म्हणतो, तेव्हा ते ओळखायचे काम त्यांच्यावरच सोपवतो.